कोरी पाठ

थेरपिस्ट ओउतीने जमिनीवर कागद अंथरला. माणसाच्या उंचीचा, खाकी, पार्सलं बांधायला वापरतात तसला. योन्नाला त्यावर आडवं व्हायला सांगितलं आणि जाड पेन्सिलीने तिच्या कडेकडेने रेघ ओढली, डोक्यापासून पायापर्यंत आणि परत डोक्यापर्यंत. योन्ना उठली तेव्हा कागदावर एक बाई पडलेली होती. अपघातानंतर पोलीस रस्त्यावर काढतात तशी.

"आता रंगव," ओउती म्हणाली. "जो भाग आवडतो तो हिरवा. नावडतो तो लाल. ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही तो पिवळा."

"लाल खडू किती आहेत?"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. मंगळवारचा हा सात जणींचा गट, सातही जणींना एकच आजार. बॉर्डरलाइन. आजाराच्या नावात 'सीमा' हा शब्द आहे, पण या आजाराला सीमा नाही. माणूस एक तर देव नाही तर हरामखोर, मधलं काही नाही. आणि दुसऱ्यांचं राहू द्या, स्वतःच्या अंगाचंही तेच. सकाळी अंग आपलं असतं. संध्याकाळी तेच अंग कोणीतरी आपल्या दारात टाकून गेलेल्या कुजक्या बटाट्यांच्या पोत्यासारखं वाटतं, आणि ते पोतं घेऊन कामावर जायचं असतं, बसमध्ये बसायचं असतं. लोकांना वाटतं, ही बायकांची नाटकं. वजन बघतात, नटतात, रडतात. योन्नाने तीन वर्षांपूर्वी घरातला आरसा उलटा करून भिंतीला लावला होता. नटणारी बाई असं करत नाही. तिच्या दोन्ही हातांवर खांद्यापासून मनगटापर्यंत जुन्या रेघा होत्या. त्या तिनेच काढलेल्या. शेवटची चौदा महिन्यांपूर्वी.

या खोलीबाहेरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. समुद्रकिनाऱ्यावर एक सडपातळ बाई हवेत उडी मारतेय आणि खाली लिहिलंय, 'स्वतःवर प्रेम करा'. ते पोस्टर लावणाऱ्याला एकदा गाठून चांगलं झापावं, असं योन्नाला दर मंगळवारी वाटायचं. प्रेम करा म्हणे. जसं काही ते दुधासारखं बाजारात मिळतं आणि हिच्याच पिशवीत घालायचं राहून गेलंय.

तिने अर्धा तास लाल रंग घासला. कान तेवढे पिवळे केले. मग ओउतीने दुसरा कागद पुढे केला. हा पाठीकडच्या बाजूचा. योन्ना खडू हातात धरून नुसती बसली.

"काय झालं?"

"पाठ मी बघितलेलीच नाही. आवडायला-नावडायला आधी ओळख तरी पाहिजे ना?"

"मग कोरी ठेव," ओउती म्हणाली. तिने कागदाची गुंडाळी केली, वर रबरबँड लावला आणि कपाटात टाकली.

बसस्टॉपवर पोचेपर्यंत फोन वाजला. पिल्वी. योन्नाच्या पाठची बहीण, चार वर्षांनी लहान. शनिवारी तिचं लाउरीशी लग्न.

"शुक्रवारी चार वाजता," पिल्वी म्हणाली. "तळ्याकाठचा साउना घेतलाय. मी, मैत्रिणींपैकी फक्त हेता, लाउरीची आजी आणि तू. आई शनिवारी सकाळच्या बोटीने येतेय स्वीडनहून, ती नाही."

"बरं."

"बरं काय? पाठराखीण आहेस तू माझी. पाठराखीण लग्नाच्या आदल्या दिवशी साउनात नवरीची पाठ धुते. माहीत आहे ना?"

"माहीत आहे गं. पण या आठवड्यात माझा रक्तदाब जरा..."

"ख्रिसमसला तो कमी झाला होता. जूनमध्ये वाढला. तुझा रक्तदाब आहे की लिफ्ट?"

"अँटिबायोटिक चालू आहे."

"ते ईस्टरला झालं सांगून."

"नवीन टॅटू काढलाय. ओला आहे अजून."

"तुझ्या अंगावर एकही टॅटू नाही, योन्ना!"

"तुला काय माहीत?"



"तेच तर," पिल्वी म्हणाली. "मला काय माहीत."

योन्ना नऊ वर्षं साउनात, वाफेच्या त्या लाकडी न्हाणीघरात, गेलेली नव्हती. फिनलंडमध्ये नऊ वर्षं साउनात न जाणं म्हणजे नऊ वर्षं न जेवण्यासारखं आहे. लोक आधी काळजी करतात, मग संशय घेतात. तिथे कपडे घालून जाता येत नाही आणि कपडे काढले की रेघा दिसणार, मांड्या दिसणार, पोट दिसणार. आणि एकदा दिसलं की बघणारा निघून जाणार. याबद्दल योन्नाची खात्रीच होती. माणसाला पत्ता माहीत नाही तोवर तो घर सोडून जाऊ शकत नाही, असा काहीतरी तिचा हिशोब.

"हे बघ," पिल्वी म्हणाली, "मी रागावलेले नाही. तू आत आली नाहीस तर हेता धुवेल पाठ. मग शनिवारी चर्चमध्येही माझ्या शेजारी तीच उभी राहील. तू पहिल्या बाकावर आईजवळ बस. चालेल मला."

चालेल! शिवी दिली असती तर परवडलं असतं. पाच मिनिटांत पिल्वी जगातली सगळ्यात दुष्ट बाई झाली. आणखी पाच मिनिटांत योन्ना स्वतः झाली. तिने सात मेसेज लिहिले आणि सात पुसले. घरी जाऊन गटात शिकवल्याप्रमाणे भांड्यात बर्फाचं पाणी घेतलं, तोंड त्यात बुडवलं आणि तीसपर्यंत मोजलं. हा उपाय हास्यास्पद आहे. पण तो चालतो, हा त्यातला सगळ्यात संतापजनक भाग.

डोकं बाहेर काढलं तेव्हा तिच्याकडे एक युक्ती होती.

दुसऱ्या दिवशी ती खेळांच्या दुकानात गेली. लाटांवर फळी घेऊन चढणारे लोक घालतात तसला पोशाख तिने मागितला. गळ्यापासून मनगटापर्यंत आणि खाली गुडघ्यापर्यंत, काळाकुट्ट, पुढे गळ्यापासून बेंबीपर्यंत धातूची जाड चेन.

"कुठल्या समुद्रावर निघालात?" दुकानातल्या बाईने कौतुकाने विचारलं.

"साउनात."

बाई हसली नाही. घाबरली. मुकाट्याने बिल केलं.

पाठराखिणीने न्यायची दुसरी वस्तू म्हणजे विह्ता. बर्चच्या पानांची जुडी, वाफेत बसून अंगावर सपासप मारायची. गुरुवारी योन्नाने डहाळ्या तोडून आणल्या आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जुडी बांधली. पानांची गुळगुळीत बाजू बाहेर, मधे बारीक काड्या, शेवटी एक ओली डहाळी पिळून तिचाच बंध. आजीने लहानपणी शिकवलेलं. हातांना सगळं आठवत होतं. त्या हातांचा तिला तेवढ्यापुरता राग आला नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी चार वाजता तळ्याकाठी भांड्यांचा कडकडाट चालला होता. नवरीचे जुने मित्र पळून जावेत म्हणून साउनाला जाताना तिच्यामागे झाकणं बडवतात. हेता दोन झाकणं घेऊन सुटली होती. ही पिल्वीची मैत्रीण, सहा फूट उंच, पोलिसात नोकरी.

"यान्ने, पळ!" ती तळ्याकडे तोंड करून ओरडली. "मिक्को, पळ! दुसरा मिक्को, तू पण पळ!"

"दुसरा मिक्को कोण?" एका बारीक म्हातारीने विचारलं. ही आउने आजी, लाउरीची आजी, चौऱ्याऐंशी वर्षांची, थेट पूर्वेकडून, साव्होहून आलेली.

"कोणी नाही हो आजी!" पिल्वी किंचाळली. डोक्यावर रानफुलांचा मुकुट, तोंड लाल. योन्ना दिसल्यावर ती थांबली. पिशवीतून डोकावणारी जुडी तिने बघितली, मग योन्नाचं तोंड. "आलीस."

"आले."

"आत येणार आहेस?"

"तुम्ही व्हा पुढे."

तिघींनी भराभर कपडे काढले. आजीने चष्माही काढून खुंटीजवळ ठेवला, कारण आत काड्या तापतात. योन्नाची जुडी घेऊन तिघी आत गेल्या. योन्ना लाकडी बाकावर एकटीच उरली. पोशाख चढवायला तिला दहा मिनिटं लागली. चेन गळ्यापर्यंत ओढली. आतून भांडण ऐकू येत होतं.

"तो वस्ता दे गं इकडे," आजी म्हणत होती.

"विह्ता, आजी," पिल्वी म्हणाली.

"वस्ता!"

"आमच्याकडे पश्चिमेला, ताम्पेरेत त्याला विह्ता म्हणतात."

"ताम्पेरेत काहीही म्हणतात. रक्ताचं सॉसेज जॅमबरोबर खाणारी माणसं तुम्ही. वस्ता तो वस्ताच."

योन्नाने दीर्घ श्वास घेतला आणि दार उघडलं.

आत काळोख होता, लाकडाचा आणि बर्चचा वास. वरच्या फळीवर तिघी भाजलेल्या पावांसारख्या ओळीने बसल्या होत्या. आउने आजीने डोळे बारीक केले. दारात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काळंकुट्ट काहीतरी उभं होतं.

"अगं बाई!" आजी ओरडली. "धुराडेवाला आला!"

कोणालाच काही कळेना.

"लग्नाच्या आदल्या दिवशी धुराडेवाला! केवढा शकुन! पिल्वी, बघत काय बसलीस, हात लाव त्याला, हात लाव! अंगाला हात लावला की नशीब उघडतं!" आजी टुणकन खाली उतरली, योन्नाची बाही धरली आणि जोरात घासली. "ये बाबा, ये. पण दार लाव, वाफ जातेय. आणि लाजू नकोस, आमच्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

"आजी," पिल्वी म्हणाली, "ती माझी बहीण आहे."

"बहीण धुराडी साफ करते?"

"नाही!"

"मग अशी का आलीय?"

हेता बाकावर आडवी झाली. तिला हसू सोसवेना, ती पायाने भिंत बडवत होती. योन्नाचं एक पाऊल दाराबाहेर पडलेलं होतं. शरमेने मरायची वेळ हीच, हे तिला ओळखीचं होतं. आता कान तापणार, मग छाती आवळणार, मग धावत बसस्टॉप. पण तेवढ्यात तिला पोटात कुठेतरी खालून काहीतरी वर चढताना जाणवलं. ते बाहेर पडलं तेव्हा ते हसू होतं. धुराडेवाला! नऊ वर्षं लपवून ठेवलेलं अंग घेऊन आले, आणि म्हातारी मला नशिबासाठी घासतेय!

ती हसत हसतच आत आली आणि खालच्या फळीवर बसली. आजीने मोठी पळी भरून दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुस्स करून उठली, छताला लागली आणि उताणी होऊन खाली आली.

"आई गं!" योन्ना ताडकन उभी राहिली. "चेन! चेन तापली!"

गळ्यापासून बेंबीपर्यंत तापलेली धातूची रेघ. तिने बोट लावलं आणि झटकलं. पिल्वीने बादली तिच्या छातीवर उपडी केली. चेन निवली आणि उघडली, पण ओला रबरी पोशाख कातडीला असा चिकटला की निघेचना.

"हात वर!" हेताने पोलिसी आवाजात हुकूम सोडला. "हलू नकोस! पिल्वी, तू डावी बाही, मी उजवी. आजी, तुम्ही खालून ओढा!"

"ओढते, पण ही आत कुठे संपते ते सांगा!"

तिघी नागड्या बायका एका काळ्या बाईला वाम माशासारखं सोलत होत्या. एक, दोन, तीन म्हणून ओढलं तसा पोशाख सुटला आणि चौघी ढिगाऱ्यासारख्या जमिनीवर कोसळल्या. बादली गडगडत दाराशी गेली. कोणाचा पाय कोणाचा ते कळत नव्हतं. पिल्वीचा मुकुट हेताच्या मानेत अडकला होता.

मग हळूहळू हसू ओसरलं, आणि योन्नाला कळलं की आपल्या अंगावर काही नाही.

पिल्वी तिच्या हातांकडे बघत होती. पहिल्यांदाच. तिच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं, पण तिथे सगळ्यांच्याच तोंडावरून ओघळत असतं. हेता छताकडे बघत होती. आजीला दिसत नव्हतं. तिने उठायला आधार म्हणून योन्नाचा दंड धरला आणि तिथेच थांबली. अंगठा एकदा वर नेला, एकदा खाली आणला.

"स्वतःच केलंस?"

"हो."

"अजून करतेस?"

"चौदा महिने नाही."

"बरं," आजी म्हणाली. "मग पाणी टाक. गार पडलंय."

योन्नाने पळी उचलली. अर्धं पाणी पायावर सांडलं. अर्धं दगडांवर पोचलं.

"मला आजार आहे, आजी," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. "सीमेवरचा. म्हणजे त्याचं नाव तसं आहे."

"सीमेवरचा? माझे वडील पण सीमेवर होते," आजी वर चढत म्हणाली. "लढाईवरून आले ते दोन वर्षं सदरा घालून साउनात बसायचे. पाठीत भोकं पडली होती ना. मग आईने एक दिवस तो सदरा उचलला आणि त्याने फरशी पुसली. झालं. त्यानंतर घालणार काय? माझा हा बघितलास का?" तिने उजव्या बाजूच्या सपाट छातीवर थाप मारली. "सर्जनने नेला. अकलेने चांगला होता तो. पण टाके म्हणशील तर माझ्या सुनेने बटण लावल्यासारखे."

हेता पुन्हा भिंत बडवायला लागली.

"ही जुडी मात्र झकास बांधलीय," आजी पानं अंगावर आपटत म्हणाली. "एक पान गळत नाही. कोणी बांधली?"

"योन्नाने," पिल्वी म्हणाली.

"मग जिने बांधली तिनेच सांगावं. बोल मुली. वस्ता की विह्ता?"

योन्ना विचारात पडली. आयुष्यभर तिने एक तर हे नाही तर ते असंच केलेलं.

"मी सीमेवरची ना, आजी," ती म्हणाली. "देठाकडून वस्ता. पानांकडून विह्ता."

"फितूर!" पिल्वी ओरडली आणि तिने ओला विह्ता, नाहीतर वस्ता, बहिणीच्या पोटरीवर हाणला.

मग पाठ धुवायची वेळ झाली. पिल्वी खालच्या फळीवर पाठमोरी बसली. योन्नाने ब्रशवर साबण घेतला, खांद्यापासून कमरेपर्यंत फेस केला, मानेखाली घासलं, मिठाने चोळलं, कोमट पाणी ओतलं. आजी वरून सूचना देत होती. "जोरात! उद्या नवऱ्याच्या घरी जायचंय तिला, जुना मळ इथेच राहू दे." पिल्वी मांजरासारखी गुरगुरत होती.

"आता तू बस," ती उठत म्हणाली.

"माझी नको."

"बस म्हणते ना."

योन्ना बसली. बहिणीकडे पाठ केली. ब्रश यायची वाट बघत तिने डोळे मिटले. पण ब्रश आलाच नाही. साबणाचं एक बोट आलं, मानेखाली, उजवीकडे.

"एक," पिल्वी म्हणाली. बोट सरकलं. "दोन."

"काय करतेस?"

"गप्प बस, चुकेन मी. तीन. हा मोठा आहे. चार."

"पिल्वी, काय मोजतेस?"

"तीळ. तुला माहीत नाही?" पिल्वीचा आवाज बदलला. "आपल्या आजीच्या साउनात तू खालच्या फळीवर बसायचीस आणि मी वर. माझ्या डोळ्यांसमोर तुझी पाठ. मी आकडे तिच्यावरच शिकले. तुझ्या पाठीवर अकरा तीळ आहेत, म्हणून वर्षभर मला अकरापर्यंतच मोजता यायचं. बालवाडीतल्या बाईंनी विचारलं, अकरानंतर काय येतं? मी म्हटलं, अकरानंतर ढुंगण येतं."

आजी हसता हसता फळीवरून घसरायला आली. हेताने तिला धरलं. योन्ना हसली नाही. तिच्या मागे, तिला कधीही न दिसलेल्या जागेवर, कोणीतरी मोजायला शिकलं होतं. ती जागा तिच्याकडे इतकी वर्षं होती आणि ती उघडी पडली म्हणून कोणी पळून गेलं नव्हतं. उलट जवळ बसून बोट ठेवलं होतं.

"आठ. नऊ. दहा. अकरा." बोट थांबलं. "बारा."

"बारा कुठला?"

"डाव्या खांद्याखाली. हा नव्हता."

"नक्की?"

"तुझी पाठ मला पाठ आहे गं," पिल्वी म्हणाली. "हा नवीन आहे. डॉक्टरला दाखव."

मग योन्ना हसली. मग ती थोडी रडली पण, आणि पिल्वीने ब्रश घेऊन तिची पाठ अशी रगडली की ती ओरडत धक्क्यावरून तळ्यात पळाली. तिच्यामागे तिघी. पाणी बर्फासारखं होतं. जुलैच्या सूर्याखाली चार डोकी तरंगत होती, त्यातलं एक चौऱ्याऐंशी वर्षांचं, आणि ते डोकं 'वस्ता! वस्ता!' असं ओरडत होतं.

शनिवारी चर्चमध्ये पिल्वीच्या शेजारी योन्ना उभी राहिली. तिच्या झग्याच्या बाह्या लांबच होत्या. एका साउनात सगळं होत नसतं. रविवारी संध्याकाळी तिला स्वतःच्या मांड्यांचा पुन्हा राग आला, चांगला सणसणीत आला, आणि तिने बर्फाचं पाणी घेतलं.

मंगळवारी तिने कपाटातून गुंडाळी काढली, रबरबँड सोडला आणि पाठीचा कोरा कागद जमिनीवर पसरला. त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. हिरवा खडू घेतला. आठवून आठवून, एकेक ठिपका ठेवत गेली. मानेखाली उजवीकडे एक. मोठा तिसरा. अकरा झाले. मग तिने पिवळा खडू मागितला आणि डाव्या खांद्याखाली बारावा ठेवला.

ओउती वाकून बघत होती.

"हा पिवळा का?"

"हा नवीन आहे," योन्ना म्हणाली. "आमची अजून ओळख व्हायचीय."